मनगटावर काय लिहावं?

घरात हृदयाचं, साखरेचं किंवा किडनीचं दुखणं असलं, की नगर जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी खुंटीला एक पिशवी अडकवलेली दिसते. कापडदुकानातून नाहीतर सोनाराकडून आलेली. तिच्यात डिस्चार्ज कार्ड, गुंडाळी झालेला ईसीजी, एक्स-रेची फिल्म, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि मेडिकलच्या पावत्या. दवाखान्यात निघायचं म्हटलं, की आधी ती पिशवी काढली जाते. सवय चांगलीच आहे, कारण तपासणाऱ्याला निम्मा इतिहास तिच्यातूनच कळतो. पण माणूस नगर–मनमाड रस्त्यावर मोटारसायकलवरून पडतो, माळीवाडा स्टँडवर चक्कर येऊन कोसळतो, किंवा ऊसतोडीला परजिल्ह्यातल्या फडात गेलेला असतो, तेव्हा पिशवी घरच्या खुंटीलाच राहते. मनगटावर घालायचं मेडिकल ब्रेसलेट अशाच वेळेसाठी असतं. त्यावर फार तर चार-पाच ओळी मावतात, आणि एका ओळीत पंधरा-वीस अक्षरं. पिशवीभर कागदांतून त्या ओळींत काय आणायचं, हे वाटतं तितकं सोपं नाही, आणि घाईत ते हमखास चुकतं.

या प्रश्नाच्या सगळ्या बाजू पाहताना मला एकच कसोटी टिकाऊ वाटत आली आहे. रुग्ण बोलू शकत नसताना, पहिल्या तासात, जे वाचून डॉक्टर काही करायचं थांबेल, किंवा एरवी केलं नसतं ते करेल, तेवढंच मनगटावर असावं. बाकी सगळं पिशवीत शोभतं.

ही कल्पना अमेरिकेतली. कॅलिफोर्नियातल्या टरलॉक नावाच्या गावात १९५३ साली डॉ. मॅरियन कॉलिन्स यांच्या मुलीचं, लिंडाचं, बोट कापलं. धनुर्वाताची प्रतिविष लस देण्यापूर्वी चाचणी म्हणून तिचा अगदी थोडा अंश दिला, आणि तेवढ्यानेच लिंडा मरणाच्या दारात गेली. ती लस घोड्याच्या रक्तातल्या द्रवापासून केलेली असे. मुलगी वाचली. पण ती घराबाहेर कुठे बेशुद्ध पडली आणि कुणी पुन्हा तीच सुई टोचली तर काय, ही धास्ती आईबापांच्या मनातून जाईना. आधी कागदी पट्टी, कोटाला लावलेली चिठ्ठी, असं करत शेवटी त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या जवाहिऱ्याकडून चांदीचं ब्रेसलेट करून घेतलं. सल्फा, ॲस्पिरिन आणि धनुर्वाताची प्रतिविष लस या तिन्हींची ॲलर्जी, एवढंच त्यावर कोरलेलं होतं. त्यातूनच १९५६ मध्ये 'मेडिकअलर्ट' ही संस्था उभी राहिली. त्या पहिल्या ब्रेसलेटवर वय, पत्ता, रक्तगट यांतलं काही नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्यांनी मरण इतक्या जवळून पाहिलं होतं, त्यांनी फक्त 'हे देऊ नका' एवढंच लिहिलं.

घोड्याच्या लशीची ही गोष्ट नगरकरांना परकी नाही. धनुर्वातासाठी आता बहुतेक वेळा वेगळी, सुरक्षित लस मिळते, पण सर्पविषावरची लस आजही घोड्यापासूनच तयार होते, आणि मुंबईची हाफकिन संस्था ती पिढ्यान् पिढ्या बनवत आली आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आपल्या बांधाबांधावर आहेत. पाऊस पडला की ग्रामीण रुग्णालयांत साप चावलेली माणसं येऊ लागतात. ज्याला पूर्वी एकदा ही लस देऊन अंगावर गांधी उठल्या, दम लागला, बीपी पडलं, त्याच्या मनगटावर ते असावं. मात्र 'सर्पलस देऊ नका' असं कधीही लिहू नये. विष अंगात भिनलं असेल तर त्या लशीशिवाय दुसरं औषध नाही, आणि आधीची रिॲक्शन हे ती नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. 'पूर्वी सर्पलशीची गंभीर रिॲक्शन' एवढं लिहिलं, की डॉक्टर ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवतो आणि मग लस सुरू करतो. ब्रेसलेटने माहिती द्यायची असते, उपचार नाकारायचे नसतात. हा फरक पुढे प्रत्येक ओळीला लागू आहे.

लिहायचं काय, हे ठरवण्याआधी वाचणार कोण, याचा विचार करावा लागतो. क्षेत्रफळाने नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटरवर थोडा अधिक, चौदा तालुके. अकोल्याच्या घाटातला माणूस जिल्हा रुग्णालयापेक्षा नाशिकला आधी पोचतो, पारनेरचा शिरूरमार्गे पुण्याला जातो, राहाता-कोपरगावकडचा लोणीला किंवा शिर्डीला. बहुतेक गंभीर रुग्ण एका ठिकाणी थांबत नाहीत. आधी जवळचा दवाखाना, मग ग्रामीण रुग्णालय, मग मोठं हॉस्पिटल, असे तीन टप्पे होतात आणि प्रत्येक टप्प्यावर तोंडी सांगितलेली एखादी गोष्ट गळते. पहिला वाचणारा असतो रस्त्यावरचा माणूस, नाहीतर पोलीस. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच त्याला संरक्षण मिळालं, तरी आपल्याकडे लोक अजून बिचकतात. दुसरा वाचणारा १०८ मधला डॉक्टर. २६ जानेवारी २०१४ ला ही सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांतल्या २३३ प्रगत साधनांच्या आणि ७०४ मूलभूत साधनांच्या होत्या, आणि प्रत्येकीत डॉक्टर असणं हे महाराष्ट्राचं वेगळेपण. पेशंट जवळच्या दवाखान्यात उतरवायचा की सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठायचं, हा निर्णय चालत्या गाडीत तोच घेतो. म्हणजे ब्रेसलेटवरच्या ओळीने उपचार तर बदलतोच, कधी कधी गाडी कुठे जायची तेही बदलतं.

आता रक्तगटाकडे येऊ, कारण बहुतेकांच्या मनात सर्वांत आधी तोच येतो. ड्रायव्हिंग लायसनवर तो असतो, शाळेच्या ओळखपत्रावर असतो, दुचाकीच्या नंबरप्लेटजवळ स्टिकरवरही असतो. जीव वाचवायला रक्त लागतं, म्हणून रक्तगट सर्वांत मोलाचा, असा समज आहे. पण कोणताही जबाबदार रक्तपेढीवाला मनगट वाचून पिशवी देत नाही. तो नमुना घेतो, गट तपासतो, क्रॉसमॅच करतो. अगदीच वेळ नसेल तर ओ निगेटिव्ह देतात. लायसनवरचा गट तर पुष्कळदा अर्ज भरताना आठवेल तो लिहिलेला असतो. तेव्हा चार ओळींतली एक ओळ रक्तगटावर घालवणं मला पटत नाही.

याला एक ठळक अपवाद आहे, आणि तो आपल्याच मातीतला आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक रक्तगट आढळला. नेहमीच्या तपासणीत तो ओ दिसतो, पण त्या माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही. 'लॅन्सेट'मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जाऊ लागला. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. पुरेशी तपासणी न करता ओ दिलं तर काय होतं, ते मे २०२४ मध्ये इंदूरला दिसलं. दुसऱ्या एका रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी ओ पॉझिटिव्ह रक्त चढवलेली एक तरुण स्त्री तिथे अत्यवस्थ होऊन आली होती. तिला रक्त द्यायला शिर्डीतला एक बॉम्बे गटाचा रक्तदाता रस्त्याने सुमारे ४४० किलोमीटर गेला. अशा माणसाच्या ब्रेसलेटवर पहिलीच ओळ 'बॉम्बे रक्तगट, ओ देऊ नका' अशी हवी. इथे 'देऊ नका' शोभतं, कारण ओ दिलंच तर नुकसान नक्की आहे. पूर्वी रक्त चढवताना त्रास झालेले, किंवा अनेकदा रक्त घेतल्यामुळे रक्तात खास अँटिबॉडी तयार झालेले थॅलेसेमियाचे रुग्ण, यांच्याही ब्रेसलेटवर ते लिहिलेलं हवं.

ॲलर्जी. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, आणि थोडा दोष आपल्या बोलण्याचाही आहे. गोळी घेऊन पोटात आग पडली तरी 'रिॲक्शन आली', तोंड आलं तरी 'औषध गरम पडलं', आणि घसा सुजून श्वास अडकला तरीही 'रिॲक्शन'च. पेनिसिलीनची ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्यांची नीट तपासणी केली, तर दहांतल्या नऊ जणांना ती नसते असं जगभर दिसून आलं आहे. असा खोटा शिक्का मनगटावर बसला तर जंतुसंसर्गाच्या वेळी चांगलं, स्वस्त औषध नाकारलं जातं आणि दुय्यम औषधावर वेळ काढावी लागते. म्हणून औषधाच्या नावाबरोबर काय झालं होतं, तेही दोन शब्दांत यावं : 'पेनिसिलीन, घसा सुजला', 'सल्फा, अंगभर फोड'. नुसती मळमळ, जुलाब, पित्त असलं तर ते ब्रेसलेटवर नको. आणि कोणत्या औषधाने झालं ते माहीत नसेल तर अंदाजाने नाव कोरू नये.

आपल्याकडे एक ॲलर्जी मात्र फार गांभीर्याने घ्यावी असं माझं ठाम मत आहे, ती वेदनाशामकांची. गावात अंग दुखलं, ताप आला, की सुई मागायची पद्धत आहे, आणि त्या सुईत बऱ्याचदा डायक्लोफेनॅक असतं. दम्याच्या काही रुग्णांना ॲस्पिरिन आणि त्याच्या भावंडांनी जीवघेणा दम लागतो. अपघातात हाड मोडून आलेल्याला वेदनाशामक दिलं जाणार, हे ठरलेलं आहे. म्हणजे ही ओळ कामाला येण्याची शक्यता इतर कुठल्याही ओळीपेक्षा जास्त.

सुईची हीच सवय हिमोफिलियाच्या मुलाला महाग पडते. त्याच्या रक्तात गोठण्याचा घटक कमी असतो, आणि स्नायूत दिलेल्या साध्या इंजेक्शनने आतल्या आत मोठा रक्तस्राव होतो. आठवा घटक कमी की नववा, हे लिहिलं पाहिजे, कारण इंजेक्शन त्यावर ठरतं. आणि 'स्नायूत सुई नको' ही ओळ तर हवीच. मूल आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहत असेल, तर आई-वडील जवळ नसतात आणि वॉर्डनने रात्री कुठल्या दवाखान्यात नेलं ते सकाळी कळतं. अशा मुलाच्या मनगटाला ब्रेसलेट कधीच सुटू नये.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हा त्याच कुळातला विषय. लहानपणी सांधे धरून आलेल्या तापाने हृदयाची झडप खराब झाली आणि पुढे धातूची झडप बसवली, अशी माणसं आपल्या खेड्यांत पुष्कळ आहेत. त्यांची ॲसिट्रॉम आयुष्यभर चालू असते. डोक्याला साधा मार लागला तरी त्यांच्या मेंदूत रक्त साकळू शकतं, म्हणून 'शुद्धीवर आहे ना, मग झोपू द्या' हे त्यांच्या बाबतीत धोक्याचं. १०८ मधल्या डॉक्टरने ती ओळ वाचली, तर तो सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलकडे गाडी वळवील. घोणस किंवा फुरसं चावल्याच्या संशयातही हीच ओळ लागते. विषाने रक्त गोठत नाही का, हे पाहायला आपल्याकडे स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ती न हलवता २० मिनिटं ठेवतात. ज्याचं रक्त मुळातच गोळीने पातळ आहे, त्याच्या रक्ताच्या तपासण्यांचा अर्थ लावताना डॉक्टरला ती गोळी माहीत असलीच पाहिजे. औषधाचं नाव मूळ रासायनिक लिहावं, असं पुस्तकं सांगतात. इथे मी थोडी वेगळी वाट धरेन. ॲसिट्रॉम हे नाव कॅज्युअल्टीतल्या नर्सपासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळ्यांना एका नजरेत कळतं, ॲसेनोकुमारॉल वाचायला क्षणभर थांबावं लागतं. जागा असेल तर दोन्ही लिहावीत. डोस मात्र कधीच नाही, कारण तो महिन्यागणिक बदलतो.

स्टिरॉइडची गोष्ट लोकांना कमी माहीत असते. दमा, संधिवात किंवा त्वचेच्या आजारासाठी महिनोन् महिने स्टिरॉइड घेणाऱ्याच्या शरीरातलं स्वतःचं स्टिरॉइड मंदावतं. अपघात, उलट्या, मोठा संसर्ग अशा ताणात त्याचं बीपी कोसळतं आणि सलाईन देऊनही वर येत नाही. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं. 'स्टिरॉइड कायम चालू, हायड्रोकॉर्टिसोन द्या' ही ओळ तेव्हा जीव वाचवते. गुडघेदुखीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांतही स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. ती पुडी वर्षभर खाणाऱ्या आजीच्या मनगटावर हे कोण लिहिणार? डॉक्टरने खोदून विचारल्याशिवाय ते कळत नाही.

साखरेच्या बाबतीत नुसतं 'डायबेटिस' लिहिणं अपुरं आहे. बेशुद्ध माणसाची साखर चांगला डॉक्टर तपासतोच. प्रश्न रस्त्यावरच्या माणसाचा असतो. साखर उतरलेला माणूस घामाघूम होतो, अडखळतो, असंबद्ध बोलतो, अंगावर येतो. स्टँडवर लोक त्याला प्यायलेला समजून बाजूला बसवतात, आणि तिथेच त्याचा मेंदू उपाशी पडतो. म्हणून इन्सुलिनवर असलेल्यांच्या ब्रेसलेटची एक बाजू मराठीत आणि सामान्य माणसासाठी असावी : 'मी प्यायलेलो नाही. साखर उतरली असेल. शुद्धीत असेन तर साखर द्या, नसेन तर १०८.' ओळ लांब आहे हे खरं, पण इन्सुलिनवाल्यासाठी दुसरं काही कमी करून हे ठेवावं. गोळ्यांवर असणाऱ्यांपैकी ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड घेणाऱ्यांची साखर उतरू शकते, आणि ग्लायबेनक्लामाइडने उतरलेली, विशेषतः म्हाताऱ्या आणि किडनी कमजोर असलेल्या माणसांत, एकदा वर येऊन पुन्हा पडते. नुसतं मेटफॉर्मिन चालू असेल तर ब्रेसलेटची गरज जवळजवळ नाही.

फिट येणाऱ्यांची गत वेगळी. त्यांचा सर्वांत मोठा धोका फिटपेक्षा भोवतीच्या मदतीत असतो. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी दातांत चमचा घालतं, कुणी पाणी पाजतं. 'फिट येते. कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.' याच्यापुढे औषधाचं नावसुद्धा दुय्यम आहे. आणि इथेच लाज आडवी येते. लग्नाच्या मुलीला फिट येते हे गावाला कळू नये म्हणून घरचे तिच्या गोळ्याही लपवून ठेवतात. विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर १९९९ मध्ये काढला गेला, समाजातून तो अजून गेलेला नाही. तिला उघडं ब्रेसलेट घालायला लावणं सोपं नाही, आणि लावूही नये. गळ्यातल्या साखळीतलं पदक, आतल्या बाजूला मजकूर, असा मार्ग निघतो.

काही गोष्टी मनगटावर नकोतच. एचआयव्हीची बाधा ही त्यांतली पहिली. पेशंट कुणीही असो, कॅज्युअल्टीत हातमोजे घालायचेच असतात, त्यामुळे पहिल्या तासातला उपचार त्या माहितीने बदलत नाही. बदलते ती वागणूक. एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ ने ही माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि १९८९ पासून नगरमध्ये काम करणाऱ्या 'स्नेहालय' या संस्थेच्या इतिहासात त्या हक्काची किंमत वाचायला मिळते. मनोविकाराच्या औषधांचंही बहुतेक वेळा तसंच. अपवाद लिथियमसारख्या औषधांचा, कारण ती इतर औषधांशी झगडतात; तिथे औषधाचं नाव पुरे, आजाराचं नको. सिकलसेलच्या बाबतीत रुग्ण आणि वाहक यांची गल्लत करू नये. रुग्णाला ओळ हवी, वाहकाला नाही. थायरॉइड, बीपी, जुनं अपेंडिक्सचं ऑपरेशन, चष्म्याचा नंबर, हे सगळं पिशवीत राहू दे. डायलिसिसवाल्याला मात्र, डायलिसिसची नस डाव्या हातात असेल तर, एक ओळ नक्की : 'डाव्या हाताला सुई नको, बीपी नको', आणि ब्रेसलेट उजव्या हातात.

नाव आणि फोन. नाव लिहावं, कारण शुद्धीवर येणाऱ्या माणसाला नावाने हाक मारली की तो ओळख देतो. फोन नंबर घरच्या माणसाचा, शक्यतो दोन. स्वतःचा नंबर तिथे निरुपयोगी. ऊसतोडीला जाणाऱ्या पाथर्डी-शेवगाव-जामखेडच्या कुटुंबांत अडचण अशी, की नवरा-बायको दोघंही एकाच फडात असतात. गावी राहिलेल्या, फोन उचलणाऱ्या नातलगाचा नंबर घालावा. मुकादमाचा नंबर घालू नये असं मला वाटतं. तो जवळ असतो हे खरं, पण उचल दिलेल्या माणसाला कामावरून हलवायचं की नाही, यात त्याचा स्वतःचा हिशेब गुंतलेला असतो. विसरभोळेपणाच्या पुढे गेलेल्या वृद्धांसाठी मात्र नाव-फोन हाच सगळा मजकूर. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून कर्जत तालुक्यातून पुढे जाते, शिर्डीला आणि शनिशिंगणापूरला वर्षभर गर्दी असते. अशा ठिकाणी चुकलेल्या आजोबांना स्वतःचं गाव सांगता येत नाही.

हल्ली याला उत्तर म्हणून क्यूआर कोडचं लॉकेट पुढे येतं, आणि ते उपयोगी पडलंही आहे. २०२३ मध्ये मुंबईत घरापासून दूर भटकलेला एक विशेष मुलगा अशा लॉकेटमुळे घरी पोचला. हरवलेल्यासाठी क्यूआर चांगला, कारण तिथे घाई मिनिटांची नसते. घसा सुजत चाललेल्यासाठी तो चांगला नाही. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला रेंज नसते, कोडवर ओरखडा पडतो, ते चालवणाऱ्या कंपनीचं वर्षाचं शुल्क भरायचं राहून जातं, आणि हातमोजे घातलेला डॉक्टर मोबाइल काढत बसत नाही. म्हणून मुख्य ओळी उघड्या डोळ्यांनी वाचता आल्याच पाहिजेत; कोड असलाच तर मागच्या बाजूला. डिजिटल आरोग्य नोंदींच्या आभा क्रमांकाचंही तेच. तो चौदा आकडी नंबर पुढच्या उपचारांना सोयीचा आहे, पण नोंदी उघडायला रुग्णाची संमती लागते, आणि बेशुद्ध माणूस संमती कशी देणार? मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर आपत्कालीन माहिती भरून ठेवावी, फुकट आहे. मात्र अपघातात सगळ्यात आधी फुटतो किंवा हरवतो तो मोबाइलच.

आता प्रत्यक्ष एक ब्रेसलेट लिहून पाहू. समजा, पारनेर तालुक्यातली पंचेचाळिशीतली बाई. धातूची झडप, ॲसिट्रॉम चालू, थायरॉइडची गोळी, थोडं बीपी, सल्फाने पूर्वी अंगभर फोड, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, रक्तगट बी पॉझिटिव्ह, मुलगा पुण्याला नोकरीत. घरचे सांगतात तसं लिहिलं तर दहा ओळी होतात. कसोटी लावली की थायरॉइड गळतं, एक दिवस गोळी चुकली तरी काही होत नाही. बीपी गळतं, ते मोजता येतं. ऑपरेशनचा व्रण दिसतोच. रक्तगट रक्तपेढी काढेल. उरतं ते असं. पहिली ओळ नाव. दुसरी 'धातूची हृदयझडप'. तिसरी 'ॲसिट्रॉम चालू'. चौथी 'सल्फा, अंगभर फोड'. पाचवी मुलाचा फोन. दुसरी आणि तिसरी ओळ जोडीने हव्यात. नुसतं ॲसिट्रॉम वाचलं तर रक्तस्राव थांबवायला डॉक्टर त्या गोळीचा परिणाम उलटवेल आणि तिथेच थांबेल. झडप वाचली तर उलटवतानाही ती झडप रक्ताच्या गुठळीने अडकू नये याची काळजी घेईल, हृदयाच्या डॉक्टरला फोन करेल.

लिपीबद्दल विचारतात. वैद्यकीय ओळी इंग्रजीत, मोठ्या छापील अक्षरांत असाव्यात. पुण्या-नाशिकच्या हॉस्पिटलांत केरळची नर्स असते, इंदूरला मराठी वाचणारं कुणी नसेल. रस्त्यावरच्या माणसासाठीची ओळ मराठीत. डॉक्टरी संक्षेप टाळावेत, कारण तेच दोन अक्षरी संक्षेप वेगवेगळ्या विभागांत वेगळे अर्थ घेऊन येतात. करून घ्यायला शहरातच जायला हवं असं नाही. स्टीलच्या भांड्यांवर नावं घालून देणारा कारागीर स्टीलच्या पट्टीवर या ओळी तितक्याच सफाईने कोरतो. अडचण दिसण्याची आहे. आपल्या मनगटावर आधीच काळा दोरा, लाल धागा, तांब्याचं कडं, रुद्राक्ष, कधी जत्रेतला गंडा असतो, आणि सुई टोचताना हे सगळं बाजूला सारायची डॉक्टरांना सवय झालेली असते. त्या गर्दीत आपली पट्टी हरवू नये म्हणून लाल रंगातलं वैद्यकीय चिन्ह हवं, आणि शक्य तर त्या हातात दुसरं काही नको.

कोरण्याआधी मजकूर उपचार करणाऱ्या डॉक्टरला दाखवावा, आणि कोरल्यावर ज्याला त्या आजाराची काही माहिती नाही अशा शेजाऱ्याला वाचायला द्यावा. त्याला काय करायचं ते कळलं नाही, तर मराठी ओळ बदलायला हवी. तारीखही कोरावी, महिना-वर्ष पुरे. गोळी बंद झाली की ब्रेसलेट त्याच दिवशी उतरवावं. ॲसिट्रॉम थांबलेल्या माणसाच्या हातात ॲसिट्रॉमची पट्टी राहिली, तर एखादं तातडीचं ऑपरेशन नाहक लांबतं.

हे सगळं प्रत्येक घराने स्वतःहून करावं, अशी अपेक्षा मला रास्त वाटत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या गावच्या बायकांनी आरोग्यसेविका होऊन अख्ख्या गावाची आरोग्याची माहिती सांभाळली होती. आज आशाताई प्रत्येक गावात आहेत. कुणाकडे ॲसिट्रॉम आहे, कुणाला फिट येते, हे त्यांना पाठ असतं. डिस्चार्ज कार्डावर शेवटी एक चौकट छापावी : 'ब्रेसलेटवर लिहायचं', आणि तिच्यात उपचार करणाऱ्या डॉक्टरने तीन ओळी स्वतःच्या हाताने लिहाव्यात, किंवा 'गरज नाही' असं लिहून सही करावी. ती चौकट पाहून आशाताई पट्टी करून घ्यायला सांगतील, आणि औषध बदललं की पुढच्या भेटीत चौकटीतली जुनी ओळ खोडून नवी लिहिता येईल आणि पट्टीही बदलता येईल. खर्च एका स्टीलच्या पट्टीचा आणि कोरणाऱ्याच्या मजुरीचा. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला तो पेलणारा आहे, निदान इन्सुलिनवरची मुलं, हिमोफिलियाचे रुग्ण आणि धातूची झडप असलेले एवढ्यांसाठी तरी.